शाळेमागची अमेरिका

माझ्या मायला आयुष्यात फार काही नको होतं. खिळा ठोकायला स्वतःची एक भिंत हवी होती, बस. आम्ही राहायचो सौंसरच्या बाजारओळीत, एका किराणावाल्या सेठच्या घरामागच्या खोलीत, आणि भाडेकरूनं भिंतीला खिळा ठोकायचा नाही असा सेठानीचा हुकूम होता. त्यामुळे आमच्याकडची बुद्धाची तसबीर पिठाच्या डब्यावर टेकवलेली असायची. पीठ काढायचं झालं की माय आधी तसबिरीला हात जोडायची, तिला उचलून अंथरुणावर ठेवायची, पीठ काढायची आणि पुन्हा जागेवर आणून बसवायची. बाबा नगरपालिकेत नळ सोडायच्या कामावर होते. कोणत्या मोहल्ल्याला पाणी कधी मिळणार हे त्यांच्या हातातल्या लोखंडी चावीवर ठरायचं, म्हणून भलेभले लोक रस्त्यात थांबून त्यांची तब्येत विचारायचे. आणि हाच माणूस घरी आला की सेठानीच्या नळाखाली आपली बादली केव्हा लागते याची वाट पाहत दारात उकिडवा बसायचा. बाबांना त्यात काही वावगं वाटत नसे. मायला वाटायचं. "साऱ्या गावाले पानी पाजता, अन् आपल्या घरच्या बादलीसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहता," ती म्हणायची. बाबा म्हणायचे, "थे गावाचं पानी हाय व, माह्यं थोडीच हाय."

खोलीला खिडकी एकच, आणि तीही सेठच्या गोदामात उघडायची. माझ्या लहानपणाला म्हणून गुळाचा, सुक्या मिरचीचा आणि भुईमुगाच्या तेलाचा वास आहे. मिरचीची पोती उतरली की आमचं घर आणि सेठचं घर एकाच सुरात शिंकायचं. त्यांच्यात आणि आमच्यात तेवढीच काय ती बरोबरी. सकाळी छिंदवाड्याकडे जाणाऱ्या छोट्या आगगाडीची शिट्टी, मग मायच्या भाकरी थापण्याचा आवाज, मग सेठानीचं "आज खोली कोनी झाडली नाही का?" संध्याकाळी बेसन-भाकर आणि कांदा खाऊन झाला की माय खापरीच्या तुकड्यानं जमिनीवर घर आखायची. इथं चूल, इथं न्हाणी, इथं पोरीच्या अभ्यासाची जागा. बाबा त्या रेघांवरून चालत गेले तर ती रागवायची, "अहो, भिंतीतून काय जाता, दारातून या." सकाळी सारवताना ते घर पुसलं जायचं आणि संध्याकाळी दुसरं उभं राहायचं. घर पाहावं बांधून म्हणतात. मायनं इतकी घरं बांधली, की तिच्याइतका अनुभव कुठल्या ठेकेदाराला नसेल.

आमच्या वर्गाला इतिहास शिकवायचे कळंबे गुरुजी. ते पांढुर्ण्याचे, रोज बसनं यायचे, आणि संत्र्याचे दिवस असले की पिशवीतून संत्री आणून धड्याचं उत्तर आलं त्याला एकेक फोड द्यायचे. अख्खं संत्रं कोणालाच कधी मिळालं नाही, कारण पूर्ण उत्तर कोणालाच येत नाही असं त्यांचं मत होतं. गुरुजी नागपूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते, पण अमेरिकेचं त्यांना भारी वेड. पुस्तकात अमेरिका दीड पान होती. गुरुजींनी ती पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत पुरवली. अकबर-औरंगजेबाला आम्ही त्या वर्षी एका आठवड्यात उरकलं. इतिहासात आपल्या मनचं काही घालायचं नाही आणि त्यातलं काही गाळायचं नाही, हा त्यांचा बाणा होता. त्या बाबतीत त्यांनी सख्ख्या भावाचंही ऐकलं नसतं.

त्यांनी सांगितलं, की गोरे लोक पूर्वेच्या किनाऱ्यावर उतरले आणि पश्चिमेकडे सरकत गेले. तिथं आधीपासून राहणाऱ्या लोकांना ते मागे सारत गेले, करार करत गेले आणि करार मोडत गेले. दक्षिणेत आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम कापूस वेचायचे. कापसाचं नाव निघाल्यावर आमचा वर्ग एकदम जागा झाला, कारण अर्ध्या वर्गाच्या आया वेचणीला जायच्या. मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, "किलोमागं काय देत होते जी?" गुरुजी म्हणाले, "काही नाही." ती म्हणाली, "मंग येचाले काहून जात होते?" गुरुजींनी चष्मा काढून पुसला, साखळ्यांचं आणि चाबकाचं सांगितलं, पण त्या मुलीचं समाधान झालं नाही. तिला साखळ्या समजल्या, मजुरी न देता कापूस वेचून घेता येतो हे मात्र तिला शेवटपर्यंत पटलं नाही. मी स्वतः पुढे शाळेत शिकवलं, दरवर्षी हा धडा माझ्या वाट्याला यायचा, आणि दरवर्षी मी मुकाट्यानं टिपणं सांगून मोकळी व्हायची. खेळ म्हणून काही घ्यायची माझी कधी हिंमत झाली नाही. ती का झाली नाही, हे आता वाचणाऱ्याला कळेलच.

एका सकाळी गुरुजी म्हणाले की जमिनीची शर्यत वाचून समजायची नाही, ती धावून समजेल. शर्यत म्हणजे काय, तर तिकडच्या सरकारनं मूळ रहिवाशांची एक मोठी जमीन खुली केली. लोक गाड्या घेऊन रेघेवर उभे राहिले. इशारा झाला तशी सगळे सुटले. ज्यानं जिथं आपली निशाणी रोवली ती जागा त्याची झाली. शाळेमागं मोठं पटांगण होतं. ते शाळेचं नव्हतं, सरकारी पडीत होतं, पण कवायत तिथंच व्हायची. गुरुजींनी तिथं चुन्यानं चौकोन आखले आणि वर्गाची वाटणी केली. जात-पात पाहायची नाही, श्रीमंत-गरीब पाहायचं नाही, असं ठरवून त्यांनी एकदम साधा नियम लावला: ज्याच्याकडे चाकाची गाडी आहे तो वसाहतवाला. दुसऱ्या दिवशी बाजारओळीतली सगळी मुलं गाड्या घेऊन हजर. कोणाचा पांगुळगाडा, कोणाची पिंप वाहायची हातगाडी, आणि आमच्या सेठच्या नरेशचा तान्ह्या पोळ्यात मिरवायचा लाकडी बैल, चाकांसकट, वासराएवढा, शिंगांना गोंडे लावलेला. उरलो ते गुलाम. गुलामांनी गाड्या ढकलायच्या. म्हणजे जात-पात न पाहता बरोबर जी व्हायची तीच वाटणी झाली. मी नरेशच्या बैलाच्या मागं.

मूळ रहिवासी म्हणून गुरुजींनी फुलवंती धुर्वेला उभं केलं. फुलवंती माझ्याच बाकावर बसायची. पटांगणाच्या नाल्याकडच्या टोकाला तिचं घर होतं, कुडाचं, कवेलूंच्या छपराचं, समोर शेणानं सारवलेलं स्वच्छ अंगण. गावातलं ते एकच गोंडाचं घर. फुलवंतीच्या आजानं ते बांधलं तेव्हा शाळाही नव्हती. शाळेच्या विटा उतरवायला तोच होता म्हणतात. गुरुजी तिला म्हणाले, "तुझं घर इथंच आहे, तेव्हा तुला वेगळं काही करायचं नाही."

"मंग मी काय करू जी?" फुलवंतीनं विचारलं.

"तू फक्त मागं सरकायचं. मी शिट्टी वाजवली की सरकायचं."

शिट्टी वाजली. मी आयुष्यात इतकी कधी धावले नाही. लाकडी बैलाचं एक चाक सारखं निघायचं, नरेश बैलावर बसून "हाण, हाण" म्हणायचा, आणि मी त्या बैलाच्या शेपटाला धरून ढकलत होते. हातगाडीवाला पांगुळगाड्याला धडकला. शर्यत संपली तेव्हा चौकोनाचौकोनात कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांना लावलेल्या पतंगी कागदाच्या झेंड्या फडफडत होत्या, आणि फुलवंती मागं सरकत सरकत आपल्याच घराच्या भिंतीला टेकली होती. तिथून पुढं सरकायला जागा नव्हती, म्हणून ती घरात जाऊन पाणी पिऊन आली. गुरुजी म्हणाले, "छान. दुसरा भाग उद्या. झेंड्या कोणी काढायच्या नाहीत." सगळा घोटाळा त्या एका वाक्यानं केला.

आमच्या भागातल्या माणसाला झेंडीचं काय वाटतं, ते बाहेरच्याला समजणं कठीण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला नदीच्या मधोमध झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात, आणि दोन काठांची गावं त्या झेंड्यासाठी दिवसभर एकमेकांवर गोटे फेकतात. झेंडा ज्याच्या हाती, तो जिंकला. हे आमच्या हाडात मुरलेलं आहे. त्यात निवडणूक तोंडावर होती, आणि निवडणुकीआधी सरकार जागेच्या मालकीचे पट्टे वाटतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नरेशनं घरी सांगितलं की मला पटांगणात जागा भेटली, गुरुजींनी दिली, सरकारनं खुली केली. नरेश खोटं बोलला नव्हता. त्यानं फक्त अमेरिका सांगायची राहून गेली. सेठ संध्याकाळी फिरत फिरत गेला, चुन्याच्या रेघा पाहिल्या, झेंड्या पाहिल्या, आणि कोणाला काही न बोलता घरी आला. तो कोणाला बोलला नाही हेच सेठानीनं सगळ्यांना सांगितलं.

सकाळी पटांगण भरलं होतं. ज्यांच्या मुलांनी झेंड्या रोवल्या होत्या ते आपापल्या चौकोनात खाटा टाकून बसले होते. ज्यांच्या मुलांनी रोवल्या नव्हत्या ते रेघांच्या मधल्या जागेत बसले होते. कोणी चार बांबूंवर लुगडं ताणून छप्पर केलं होतं. एका न्हाव्यानं खुर्ची-आरसा मांडून दुकान सुरूही केलं आणि शेजारच्या चौकोनवाल्याची दाढी करता करता तो त्याच्याशी हद्दीवरून भांडत होता. एका म्हाताऱ्या कंपाऊंडरनं दोन चौकोन धरले, एक स्वतःच्या नावावर आणि एक वारलेल्या भावाच्या. विचारलं तर म्हणाला, "थो जिता असता तर आला नसता का?" कोपऱ्यात कोणीतरी दगडाला शेंदूर फासून मारुती बसवला, म्हणजे ती जागा कोणी उठवायला नको, आणि जामसांवलीच्या मारुतीला जाणारे दोन भाविक वाटेत तिथं नारळ फोडूनही गेले. दहा वाजेस्तोवर गोवऱ्यांवर रोडगे भाजले जात होते, वांग्याची भाजी शिजत होती, आणि शत्रूंनी एकमेकांना वाढून दिलं.

कळंबे गुरुजी बसमधून उतरले ते दुसऱ्या भागाची शिट्टी गळ्यात घालूनच. पटांगण पाहून ते आधी खूष झाले. त्यांना वाटलं, पालक धडा पाहायला आलेत. मग त्यांच्या लक्षात आलं की नियम मोडला गेला आहे, आणि ते कमालीचे रागावले. राग या गोष्टीचा नव्हे की गावानं सरकारी जमीन बळकावली. राग याचा की इशाऱ्याच्या आधी लोक हद्दीत घुसले. "असे लोक तिथंही होते," ते मला म्हणाले, "चोरून आधी जाऊन बसलेले. पण ते इतके नव्हते." लोकांना उठवावं म्हणून त्यांनी शिट्टी फुंकली. त्याचा परिणाम असा झाला, की नवं वाटप सुरू झालं समजून सगळे जण उठून धावले आणि दुसऱ्याच्या चौकोनात जाऊन बसले. त्यानंतर गुरुजींनी शिट्टी खिशात घातली.

तेवढ्यात माय आली. हात पिठाचे, पदर खोचलेला. ती सरळ गुरुजींसमोर उभी राहिली. "गुरुजी, माह्या पोरीले झेंडी काहून नाही?"

"बाई, ती गुलामांत होती. गुलामांना जमीन नव्हती."

"कोनं सांगतलं?"

"इतिहासानं."

"थो इतिहास कधीचा हाय?" माय म्हणाली. "माही पोरगी काल बैल ढकलत होती, थे मले मालूम हाय. ढकलला तिनं अन् जागा नरेशची. बरं, थे गुलाम मंग सुटले का नाही?"

"सुटले. मोठी लढाई झाली. सुटले."

"सुटल्यावर तरी जागा भेटली का?"

गुरुजींनी खिशातली शिट्टी चाचपली. खोटं त्यांना बोलता येत नव्हतं. "नाही. काही ठिकाणी दिली होती, मग काढून घेतली. आश्वासन होतं."

"आश्वासन आमालेबी हाय," माय म्हणाली. "दर पाच सालाले भेटते." आणि ती वळली. तिनं एक पऱ्हाटी उचलली, पदराची किनार फाडून तिला बांधली आणि जागा शोधायला निघाली. मी मागं मागं. त्या दिवशी मला माझी माय फार आवडली, हे इथं सांगून टाकते. गावभर अपमान गिळत फिरणारी ती बाई त्या दिवशी राणीसारखी चालत होती.

पण जागा उरली कुठं होती? मारुतीपासून नाल्यापर्यंत सगळं भरलेलं. मोकळं होतं ते एकच, धुर्व्यांचं अंगण, आणि तेही पूर्ण मोकळं नव्हतं. आमच्या सेठनं तिथं खाट टाकली होती, कारण नरेशचा बैल काल शेवटी तिथंच येऊन थांबला होता. फुलवंतीची आई सोनाबाई अंगण झाडत होती. सेठला उठ म्हणायची तिची प्राज्ञा नव्हती आणि अंगण न झाडता राहायची तिला सवय नव्हती. ती म्हणाली, "पाय वर घ्या जी, झाडू माराचा हाय." सेठनं खाटेवर बसल्या बसल्या पाय वर घेतले. तिनं खालून झाडलं. सेठनं पाय खाली सोडले. आयत्या बिळात नागोबा म्हणतात, पण बिळाच्या मालकिणीनं नागोबाखालून केर काढलेला मी तेवढाच पाहिला.

सोनाबाईनं मायच्या हातातली काडी पाहिली. "तुमीबी का व बाई?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. माय म्हणाली, "कोपऱ्यातच लावतो. तुमाले अडचन नाही होनार." तिनं काडी कोपऱ्यात खुपसली आणि राखायला म्हणून तिथंच बसली. नुसतं किती वेळ बसणार? सोनाबाई वांगी चिरायला बसली, तर मायनं अर्धी आपल्याकडे ओढली. मग लसूण सोलला. मग दोघी बोलायला लागल्या, सेठकडे पाठ करून. सोनाबाईनं सांगितलं की तिला लग्न होऊन आणलं ते याच अंगणात, तिची दोन लेकरं इथंच झाली, सासरा गेला तो याच खाटेच्या जागी. दुपारी चुलीला काटक्या कमी पडल्या. माय उठली, कोपऱ्यातली आपली काडी उपटली, गुडघ्यावर मोडली आणि चुलीत सारली. किनार आधी सोडून घेतली. लुगड्याला परत शिवायची होती. भाजी चांगली झाली होती.

चारच्या सुमारास जीप आली. कचेरीतले एक साहेब, त्यांच्याबरोबर पटवारी आणि मोजणीची साखळी. पटांगणावर असा उत्साह पसरला, की न्हाव्यानं अर्धी दाढी तशीच सोडली. ज्यानं त्यानं आपली झेंडी उपटून वर धरली, साहेबांना दिसावी म्हणून. कंपाऊंडरनं दोन्ही हात वर केले. साहेब हिंदी बोलणारे होते. त्यांनी विचारलं, "ये सब किसके हुकुम से हो रहा है?" सगळ्या झेंड्या एकदम गुरुजींकडे वळल्या.

गुरुजींनी नमस्कार केला आणि सुरुवातीपासून सांगितलं. किनाऱ्यावर उतरलेल्या गोऱ्यांपासून. साहेबांनी बरंच ऐकून घेतलं, त्यांना वाटलं पुढे मुद्दा येईल. शेवटी ते म्हणाले, "मतलब जिसके हाथ में झंडी है, उसका कब्जा है?"

"इतिहासाप्रमाणे, हो," गुरुजी म्हणाले.

"पटवारी, सबके नाम लिखो. सरकारी जमीन पे कब्जा. सब पे जुर्माना."

असं पटांगण रिकामं झालेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. शर्यतीत आम्ही जितकं धावलो त्याच्या दुप्पट वेगानं लोक उलट दिशेनं धावले. झेंड्या नाल्यात गेल्या. सेठनं खाट डोक्यावर घेतली आणि आमच्या बाबांना, जे बिचारे पाणी सोडून आत्ता पोचत होते, "भाऊ, धरा एक बाजू" म्हणाला. कंपाऊंडर म्हणाला, मी नाही, माझा भाऊ आला होता. थोड्या वेळात तिथं फक्त चुन्याच्या रेघा, राख, शेंदूर लावलेला दगड आणि एक अर्धी दाढी केलेला गृहस्थ उरला. माय आणि सोनाबाई अंगणात पदर तोंडाला लावून पोट दुखेस्तोवर हसत होत्या. आपल्याकडे झेंडी नाही याचा मायला केवढा आनंद झाला होता.

साहेबांनी पटांगणावर नजर टाकली. जीप एवढ्या लांब आली होती, साखळी आणली होती, आणि अर्ध्या दाढीवालाही न्हाव्यामागं पळाल्यावर नाव लिहायला माणूस उरला नव्हता. मग त्यांना घर दिसलं. "और ये किसका है?"

सोनाबाई उभी राहिली. हसू अजून तोंडावर होतं. "आमचं हाय जी."

"पट्टा है? कागद?"

कागद नव्हता. ज्यांच्याकडे झेंड्या होत्या ते सगळे आपापल्या घरी पोचले होते, कारण त्यांना घरं होती. जिच्याकडे झेंडी नव्हती ती पळाली नाही, कारण पळून जायचं म्हटलं तर तिला याच घरात यावं लागलं असतं. पटवाऱ्यानं तिचं एकटीचं नाव लिहिलं. आज हे आठवलं की मला तेव्हाच्या हसण्याची लाज वाटत नाही, पण ते हसू पुरतं संपायच्या आत हे झालं, याचा राग अजून येतो.

दुसऱ्या दिवसापासून गुरुजींचं अमेरिका शिकवणं थांबलं. ते सुट्टी टाकून कचेरीत जायला लागले. एकदा मायला साक्षीला घेऊन गेले, मायनं मला. माय साहेबांना म्हणाली, "हे लोकं शाळेच्या आधीपासून हायेत जी. साऱ्या गावाले मालूम हाय." साहेबांनी विचारलं, "आप कहां रहती हैं?" माय म्हणाली, सेठच्या खोलीत, भाड्यानं. साहेब म्हणाले, "फिर सेठ को बुलाइए." सेठला बोलावलं. सेठ म्हणाला, मी तर त्या बाजूला कधी गेलोच नाही. गुरुजी उठून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, चूक माझी आहे. रेघा मी आखल्या. तो फक्त पाठ होता." साहेब चांगले माणूस होते. त्यांनी गुरुजींना चहा पाजला आणि समजावलं, की तुमच्या रेघा पावसात जातील, पण आमची मोजणी आता झालेली आहे, ती कशी जाणार? बाहेर आल्यावर गुरुजी पायरीवर बसले. मायनं त्यांना काही ऐकवलं नाही. तिच्या पिशवीत भाकर होती, ती तिनं अर्धी मोडून दिली.

धुर्वे गेले ते दिवाळीच्या आत. छकड्यात कवेलू, दाराची चौकट, कोंबड्या. बोरगावच्या बाजूला, एका नाल्याच्या पलीकडे, फुलवंतीच्या मामाच्या ओळखीनं त्यांनी पाल ठोकलं. पटांगण सरकारी कामासाठी हवं होतं. ते काम काय होतं हे कोणालाच कळलं नाही, कारण पुढे कित्येक वर्षं तिथं काही झालं नाही. बेशरमाची झुडपं माजली आणि त्यांची जांभळी फुलं वर्गाच्या खिडकीतून दिसायची. मायला घर झालं ते बाबा निवृत्त झाल्यावर, दुसऱ्याच मोहल्ल्यात. आणि फुलवंती नर्स झाली, मोहगावला तिची बरीच नोकरी झाली, तिच्या हातून जन्मलेली पोरं आता तिला रस्त्यात पाया पडतात. परवा फोनवर मी तिला म्हटलं, मी ते सगळं लिहून राहिले. ती म्हणाली, "लिही बाप्पा. मले तर कायबी आठवत नाही." मग म्हणाली, "अंगन मोठं होतं ना आमचं?" मी म्हटलं, मोठं होतं.

घर गेल्यावरही तिनं शाळा सोडली नाही. बोरगावकडून पायी यायची, पहिली घंटा तिला कधी सापडायची नाही, आणि गुरुजी तिला उशिराचं कारण विचारायचे नाहीत. अशाच एका दिवशी छिंदवाड्याहून शाळा तपासायला साहेब आले. हे दुसरे, हसतमुख, हौशी. आमच्या वर्गावर इतिहासाचा तास चालला होता. साहेबांनी पुस्तक उघडलं तर नेमकं अमेरिकेचं दीड पान. गुरुजींचा चेहरा पडला. साहेबांनी वर्गावर नजर फिरवली, नेमकी फुलवंतीच धापा टाकत दारात आली होती, तिलाच बोट दाखवून त्यांनी विचारलं, "बताओ बेटी, अमेरिका के जो मूल निवासी थे, उनकी जमीन गई, फिर वो लोग कहां गए?"

पुस्तकात उत्तर होतं. राखीव क्षेत्रात. आम्हा सगळ्यांना पाठ होतं, मी तर ओठ हलवून तिला सांगतही होते. फुलवंतीनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती दारातच उभी होती, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. ती म्हणाली, "बोरगावले गेले जी. नाल्याच्या तिकडे."

वर्ग हसला. मीही हसले असते, पण मला गुरुजी दिसत होते. साहेबही हसले, प्रेमानंच हसले, आणि गुरुजींकडे वळून म्हणाले, "क्यों मास्टरजी, अमेरिका में भी बोरगाव है क्या?"

गुरुजींच्या हातात खडू होता. इतिहासात आपल्या पदरचा शब्द न घालणारा तो माणूस खाली पाहत उभा राहिला. मग मान वर करून म्हणाला, "है, साहब."